अर्थसंकल्प, संप आणि आपण

(द्वितीय वर्ष, कला)

मार्च 2023 मध्ये आमची बारावीची परीक्षा चालू होती. पेपर देऊन हातखंब्याच्या तिठ्यावर एस.टी.तून उतरलो की चहाच्या टपरीवर एकच विषय कानी पडे, तो म्हणजे संप. 14 मार्चपासून राज्यातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते. शाळेच्या मैदानात भर दुपारी पोरे क्रिकेट खेळत होती. टपरीवर बसणारे कोण? रिक्षावाले, चिरेखाणीवरचे मजूर, आंब्याच्या बागेत राखणीला जाणारे. यांपैकी कोणालाच पेन्शन नाही. माझे बाबाही त्यांतलेच. चिरेखाणीवर त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यांना म्हातारपणाची एवढी काळजी. मग आम्ही कुणाच्या दारात बसायचं?"

मला तेव्हा ते शंभर टक्के पटले होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता आलेले नाही. परंतु तो प्रश्न चुकीच्या माणसांना विचारला जात होता, असे मात्र आता वाटू लागले आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम मूळ गोष्ट. राज्याच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता आयुष्यभर मिळे. नव्या पद्धतीत कर्मचारी पगारातून दहा टक्के भरतो, सरकार आपला हिस्सा घालते, तो पैसा बाजारात गुंतवला जातो, आणि निवृत्तीच्या दिवशी बाजार जे देईल ते पदरात पडते. हा निर्णय झाला तेव्हा विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि जयंत पाटील अर्थमंत्री होते. तेव्हा हे एकाच पक्षाचे पाप आहे असे कोणी म्हणू नये. पुढे सत्ता फिरत राहिली आणि योजना तशीच राहिली.

आता एक बारकावा पाहा. 2005 साली कात्री चालली ती कोणावर? त्या दिवशी सेवेत असलेल्या एकाही कर्मचाऱ्याचा एक रुपयाही कमी झाला नाही. कमी झाला तो जे अजून नोकरीला लागलेच नव्हते त्यांचा. त्यांतले कित्येक तेव्हा शाळेत होते. त्यांना संघटना नव्हती, मोर्चा नव्हता, आणि पुष्कळांना मतही नव्हते. विधानसभेची निवडणूक होऊन एक वर्ष झालेले, पुढची 2009 साली. म्हणजे निर्णय असा की बिल येईल वीस-तीस वर्षांनी, आणि ज्याच्या नावावर येईल तो आज हजरच नाही! राजकारणातील शहाणपण म्हणतात ते हेच असावे.

आमच्या गावच्या शाळेतील एक गुरुजी 2007 साली नोकरीला लागले. संपानंतर ते मला म्हणाले, "आमच्या हेडमास्तरांना पेन्शन मिळणार, मला नाही. खडू एकच, फळा एकच, फरक फक्त तारखेचा." एकाच खोलीत शिकवणाऱ्या दोघांना तारखेने वेगळे केले की त्यांचा आवाजही दोन होतो. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून प्रथम ऐकली.

यानंतर मी तारखा लिहून ठेवू लागलो. 21 डिसेंबर 2022 रोजी नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की जुनी पेन्शन देता येणार नाही; 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल व राज्य दिवाळखोरीत जाईल. जानेवारी 2023 मध्ये विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका लागल्या. तेव्हा प्रचारात तेच सरकार म्हणू लागले की आम्ही या मागणीबाबत नकारात्मक नाही. पाच जागांपैकी भारतीय जनता पक्षाला एकच मिळाली, ती आपल्या कोकणची. 14 मार्चला संप सुरू झाला. त्याच दिवशी अत्यावश्यक सेवांमधील संपांना आळा घालणारे विधेयक विधानसभेत चर्चेविना मंजूर झाले, आणि पेन्शनसाठी तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समितीही नेमली गेली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात समिती. 20 मार्चला संप मागे घेतला गेला.

मित्रहो, बोजाचा आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. पगार, पेन्शन व कर्जाचे व्याज यांत राज्याच्या महसुलाचा साधारण निम्मा वाटा जातो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. माझे म्हणणे इतकेच की जो आकडा डिसेंबरात आभाळाएवढा असतो आणि जानेवारीत प्रचाराच्या व्यासपीठावर लहान होतो, तो आकडा निर्णयाचे खरे कारण नसतो.

मग खरे कारण ओळखायचे कसे? राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे उदाहरण दिले, तेव्हा मला याची एक कसोटी सापडली. तेथील गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, लोकांनी निवडलेला असतो. 2011 साली स्कॉट वॉकर या गव्हर्नरने तिजोरीतील तूट भरून काढण्यासाठी म्हणून एक विधेयक आणले. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांनी पेन्शन व आरोग्यविम्यासाठी जास्त पैसे भरावेत असे होते. पण त्याबरोबरच संघटनांनी मूळ पगारापलीकडे कशावरही वाटाघाटी करू नयेत, वर्गणी पगारातून कापली जाऊ नये, आणि संघटनेने दरवर्षी मतदान घेऊन आपले अस्तित्व सिद्ध करावे, असेही होते. संघटना म्हणाल्या, पैसे भरतो, वाटाघाटीचा हक्क तेवढा काढू नका. गव्हर्नरने ऐकले नाही. शिवाय पोलीस व अग्निशामक दलाच्या संघटनांना या कलमांतून वगळले. तूटच भरायची होती तर पैसे मिळतच होते. ज्या अर्थी पैसे मिळूनही समाधान झाले नाही, त्या अर्थी हवे होते ते दुसरेच काही. ही ती कसोटी.

ती आपल्याकडे लावून पाहू. आपल्याकडे संघटनांवर असा सरळ घाव कोणी घालत नाही. येथे संघटना ज्या जमिनीत उगवते ती जमीनच काढून घेतली जाते. 6 सप्टेंबर 2023 रोजी सरकारी कार्यालयांत बाहेरच्या खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला व नऊ संस्था ठरल्या. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले रस्त्यावर उतरली. 20 ऑक्टोबरला निर्णय रद्द झाल्याचे जाहीर झाले, आणि हे मूळ पाप आधीच्या सरकारचे, असेही सांगण्यात आले. निर्णय गेला, पण कंत्राटी पद्धत काही गेली नाही.

माझी चुलत बहीण एका सरकारी कचेरीत कंत्राटावर आहे. तिला पेन्शन नाही, रजा नाही, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. संपाच्या आठवड्यात कायम कर्मचारी बाहेर घोषणा देत होते, आणि आत दिवे लावून टेबल सांभाळत होती ती आणि तिच्यासारखे तिघे. ती म्हणाली, "मी बाहेर गेले असते तर परत आत कुणी घेतलं असतं?" पैशाची बचत ही कंत्राटाची एक बाजू झाली. दुसरी बाजू त्या आठवड्यात दिसली. संपाचा कायदा न वापरताही संप मोडता येतो, त्यासाठी चार कंत्राटी माणसे पुरतात.

आणखी एक तारीख. संप चालू असतानाच, 17 मार्च 2023 पासून, महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. घोषणा 9 मार्चच्या अर्थसंकल्पातच झाली होती, तेव्हा ती संपासाठी काढली असे म्हणता येणार नाही. पण टपरीवरचे बोलणे मात्र बदलले. "सरकार गरिबाला देतंय आणि मास्तर स्वतःसाठी मागतायत," असे लोक म्हणू लागले. पुढे जून 2024 च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली. महिना 1500 रुपये, वर्षाला 46 हजार कोटींची तरतूद. ऑगस्टमध्ये आईच्या खात्यात पैसे जमा झाले. स्वतःच्या नावावर आलेले पैसे पाहताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. त्याला लाच म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्याच ऑगस्टच्या 24 तारखेला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. ही काही जुनी पेन्शन नव्हे, यातही कर्मचाऱ्याला हिस्सा भरावा लागतो. पण पंचवीस वर्षे सेवा केलेल्यास निम्म्या मूळ पगाराची हमी त्यात आहे. वीस महिन्यांपूर्वी ज्या तिजोरीला हे परवडत नव्हते, तिला ते आता पुष्कळसे परवडू लागले. मधल्या काळात तिजोरीत सोन्याची खाण सापडली नव्हती, नोव्हेंबरची विधानसभा निवडणूक जवळ आली होती.

यावर कोणी म्हणेल, निवडणुकीच्या भीतीने का होईना, लोकांना मिळते ना? मग तक्रार कशाची? तक्रार मिळण्याची नाही. राजकारण्याला राजकीय हेतू असणे हा गुन्हाही नव्हे. तक्रार आहे ती वाटपाच्या रीतीची. मतपेटीपुढे जो हजर त्याला द्यायचे, आणि जो गैरहजर त्याच्याकडून वसूल करायचे. 2005 साली गैरहजर होते ते आमचे गुरुजी. आज गैरहजर आहोत आपण, जे अजून नोकरीच्या रांगेतही पोचलेलो नाही. उद्या आपण कचेरीत शिरू तेव्हा टेबल तेच असेल, पण कागद अकरा महिन्यांचा असेल.

संघटनांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांनी आपल्या शेजारच्या टेबलावरच्या कंत्राटी मुलीसाठी कधी इतक्या जोराने घोषणा दिल्या? चिरेखाणीवरच्या माणसाचे म्हातारपण त्यांच्या मागण्यांच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे? ते यादीत नाही म्हणूनच टपरीवरचा माणूस त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. या दुराव्याचे भांडवल कोणतेही सरकार करणारच.

नोव्हेंबर 2024 मध्ये मी पहिल्यांदा मत दिले. शाई लावून घेताना मनात आले, आता निदान या यादीत तरी आपण हजर आहोत. पण पाच वर्षांतून एकदा हजेरी लावून भागणार नाही. दर मार्चमध्ये अर्थसंकल्प येतो तेव्हा आपण सबमिशनच्या वह्या पूर्ण करण्यात गुंतलेले असतो. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे, त्या आठवड्यातला एक तास आम्हाला द्यावा. अर्थसंकल्प समोर ठेवून दोनच प्रश्न विचारू. हे कोणाला दिले? आणि हे कोणाच्या नावावर मांडले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुष्कळदा आपलेच नाव सापडेल.

बाबांना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे मास्तरांचं बरोबर होतं?" मी म्हणालो, "मास्तरांचं बरोबर होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तुमचं होतं." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग ते दोन अर्धे एकत्र कोण आणणार?"

तोच प्रश्न या अंकातून आपल्यापुढे ठेवतो.