विश्लेषण : नोकरदारांचा इंजिनीअरिंगचा वर्ग, फक्त वेळ बदलून भागेल?

दहा वर्षे कारखान्याच्या देखभाल विभागात काढलेला डिप्लोमाधारक संध्याकाळी पदवीच्या वर्गात बसतो. फळ्यावर बेअरिंगचे प्रकार लिहिले जातात. असली बेअरिंग त्याने ढिगाने बदललेली असतात. ती ठरावीक तासांनंतर निकामी का होतात, याचे गणित मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते. नेमके तेच घाईघाईत उरकले जाते.

हा वर्ग आला कुठून?

नोकरी सांभाळून इंजिनीअर होण्याचा जुना मार्ग ‘एएमआयई’ परीक्षेचा होता. मात्र ३१ मे २०१३ नंतर नोंदणी करणाऱ्यांसाठी तिची पदवीशी समकक्षता थांबली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिमत विद्यापीठांच्या विनापरवानगी दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांवर कडक निर्णय दिला. पुढे २०२३-२४ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत, प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याची मुभा महाविद्यालयांना दिली. तेव्हाची अट अशी होती, की किमान एक वर्षाचा अनुभव हवा आणि कामाचे ठिकाण महाविद्यालयापासून ५० किलोमीटरच्या परिघात हवे.

प्रौढांचे शिकणे वेगळे कसे?

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० च्या दशकात यासाठी ‘अँड्रागॉजी’ ही संकल्पना रुजवली. प्रौढाला आधी ‘हे कशासाठी?’ याचे उत्तर लागते, त्याचा अनुभव हेच त्याचे भांडवल असते आणि तो विषयापेक्षा अडचणीभोवती शिकतो, हा तिचा गाभा. नोल्स यांनी सुरुवातीला मुलांचे आणि प्रौढांचे शिक्षण समोरासमोर उभे केले होते. १९८० च्या सुधारित आवृत्तीत हा विरोध त्यांनी स्वतःच सौम्य केला. हे आपल्याकडे लक्षात घ्यायला हवे, कारण अनुभव आहे म्हणून पाया नको, असा सोयीचा अर्थ काढायला वेळ लागत नाही.

खरी अडचण पायाचीच आहे. डिप्लोमाधारक थेट दुसऱ्या वर्षाला येतो. पहिल्या वर्षाचे गणित त्याच्या वाट्याला आलेले नसते आणि समोर एकदम लाप्लास, फुरिअर उभे राहतात. विशीतला विद्यार्थी हे पाठ करून निभावतो. पस्तिशीतला माणूस पाठ करत नाही. ‘जमत नाही’ म्हणून वर्ग सोडतो. त्याला कंपनातून यंत्राचा बिघाड ओळखण्याचे उदाहरण आधी दिले, तर फुरिअरचे काम काय हे त्याला चटकन उमगते. मग गणिताची मेहनत तो आपणहून करतो.

अडते कुठे?

डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठात १९७४ मधील स्थापनेपासूनच समस्येभोवती प्रकल्प बांधून शिकवले जाते. आपल्याकडे मात्र नोकरदारालाही प्रकल्प म्हणून अनेकदा तयार ‘मॉडेल’ विकत आणावेसे वाटते, तेही रोज खऱ्या यंत्रावर काम करत असताना! दोष त्याचा एकट्याचा नाही. शॉपफ्लोअरवरचा बिघाड, त्याच्या नोंदी आणि उपाय हा प्रकल्प म्हणून ग्राह्य धरण्याची तयारी परीक्षकाला दाखवावी लागेल. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवाला श्रेयांक देण्याची तरतूद आहेच.

हजेरीचाही प्रश्न आहे. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याला दुपारपाळीत संध्याकाळचा वर्ग गाठता येत नाही. तोच तास सकाळी पुन्हा घ्यायचा, तर शिक्षक लागतात आणि त्यांचा पगार कुणी द्यायचा, हे महाविद्यालयांना प्रवेश देण्यापूर्वीच ठरवावे लागेल.