पोर बोलतंय, ऐका!

वस्तीतलं स्वमग्न पोर वर्गात किंचाळलं, दप्तर भिरकावलं, की मास्तर म्हणतो, 'यांच्यात असंच!' साला, इथंही जात काढली. मी म्हणतो, ते पोर बोलतंय. शब्द सापडत नाहीत म्हणून हातपाय बोलतात. गोंगाट सोसत नाही, गणित झेपत नाही, पुढं काय होणार ते उमजत नाही. मग दिवसाचं वेळापत्रक चित्रांनी भिंतीवर लावा. धडा तुकड्या-तुकड्यानं द्या. जमलं की तिथल्या तिथं शाबासकी. छडी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंच बंद केलीय. पण ह्याला शिकलेला माणूस लागतो. केंद्र सरकारनं २०२२ साली प्राथमिकला अशा १० पोरांमागं १ विशेष शिक्षक ठरवला. हेडमास्तरच्या टेबलासमोर उभं राहून विचारा, आमचा तो शिक्षक कुठंय? दया नको. नेमणुकीचा कागद दाखवा.