थैली कुणाची, नगरसेवक कुणाचा?

कामगार बंधूंनो, गेटवर युनियनची वर्गणी गोळा करताना आम्ही दहा रुपयांचीसुद्धा पावती फाडतो. सालअखेर हिशेब फळ्यावर लागतो. चार माणसांत कुणी उठून विचारले, "पैसा गेला कुठे?" तर सेक्रेटरीला उत्तर द्यावे लागते. मग शेठजींनी पक्षाला दिलेल्या थैलीची पावती कुठे आहे?

हा सवाल जुना आहे. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मोकळीक मागितली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याप्रमाणे ती दिली. पण अशा पैशाने एक दिवस लोकशाहीचा गळा आवळला जाईल, असे पार्लमेंटला बजावलेही. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली. २०१७ साली तर नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली आणि २०१८ पासून निवडणूक रोखे निघाले. १६,५०० कोटींच्या वर रुपये त्यातून पक्षांच्या घरात गेले. कुणी दिले? देणाऱ्याला ठाऊक, सरकारी बँकेला ठाऊक. ठाऊक नव्हते ते फक्त मत देणाऱ्याला! १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने रोखे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कुठे नावे बाहेर आली.

तुम्ही म्हणाल, दिल्लीच्या भानगडीशी आपल्या वॉर्डाचा काय संबंध? नळाच्या पाण्याइतका जवळचा संबंध आहे. रोखा घेण्याचा हक्क होता लोकसभेला किंवा विधानसभेला निदान १ टक्का मते मिळवलेल्या पक्षांनाच. चाळकमिटीने उभा केलेला अपक्ष त्यात बसतच नव्हता. पैसा वर जमतो, तिकीट वरून येते. मग निवडून आलेला माणूस आपल्या तुंबलेल्या मोरीकडे बघेल, की वरून हुकूम येईल तिकडे हात वर करील? रस्त्याचे कंत्राट, शाळेचे मैदान, सगळे ठराव पालिकेत असे हात वर करूनच होतात. आणि शेठजींचा तो पैसा तरी कुणाचा? साच्यावर उभे राहून आम्हीच घाम गाळला त्याचा. आमच्याच घामाने आमचेच मत फुकट घालवायचे, वा रे न्याय!

रोखे गेले म्हणून गाफील राहू नका. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षांना आजही सांगावे लागत नाही. त्यावरच्या देणग्यांची यादी मात्र निवडणूक आयोगाकडे जाते. उमेदवार मते मागायला चाळीत आला की ती यादी त्याच्यापुढे धरा, वॉर्डातल्या ठेकेदारांची नावे तिच्याशी ताडून पाहा, आणि त्याने स्वतः कुणाकडून किती घेतले तेही तिथेच जिन्यात विचारा.