रिकाम्या पुंगळीचा छंद आणि कायद्याची चौकट

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी हे छोटेसे गाव देशाच्या क्रीडा नकाशावर आले. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी घडविलेल्या परंपरेतील हा पुढचा टप्पा. रायफल हे केवळ पोलिसाच्या वा सैनिकाच्या खांद्यावरचे शस्त्र नसून ते खेळाचे साधनही आहे, ही जाणीव अशा यशातून दृढ होते आणि तिच्याबरोबर कुतूहलही वाढते. या कुतूहलाला इंटरनेटवर भरपूर खाद्य मिळते. परदेशातील हौशी नेमबाज घरातल्या टेबलावर वापरलेली काडतुसे पुन्हा कशी भरतात, हे दाखविणाऱ्या चित्रफिती आज कोणालाही पाहता येतात. ‘रीलोडिंग’ या नावाने ओळखला जाणारा हा छंद आपल्याकडे सुरू करता येईल का, हा प्रश्न म्हणूनच नेमबाजीकडे वळणाऱ्या तरुणाच्या मनात येऊ शकतो.

या प्रश्नाची परीक्षा घेण्यास जळगाव जिल्ह्यातील फैजपूरसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही. केळीच्या बागांनी वेढलेल्या या गावाच्या उत्तरेला सातपुडा आहे. दक्षिणेला तापी ओलांडली, की लष्करासाठी ५.५६ मि.मी., ७.६२ मि.मी. आणि ९ मि.मी. काडतुसे तयार करणारी वरणगावची आयुध निर्माणी लागते. वायव्येला, चोपडा तालुक्याच्या सीमेवर, गावठी पिस्तुलांमुळे पोलिसांच्या नोंदीत वारंवार येणारे उमर्टी आहे. अधिकृत दारूगोळा, पिकांच्या राखणीची बंदूक आणि बेकायदा हत्यारांचा व्यापार या तिन्ही गोष्टी एकाच परिसरात नांदत असल्यामुळे, कायदा छंदाकडेही संशयाने का पाहतो, याचे उत्तर येथे लवकर सापडते.

पुन्हा भरायचे म्हणजे काय?

रायफलीच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली ठिणगी पाडणारी टोपी म्हणजे प्रायमर, आतील धूरविरहित दारू आणि पुढे बसविलेली गोळी. बार उडाल्यानंतर दारू जळून जाते, गोळी निघून जाते, टोपी निकामी होते. पण पुंगळी शिल्लक राहते. काडतुसाच्या किमतीतील मोठा वाटा या पुंगळीचाच असतो. ती तपासून, स्वच्छ करून, साच्यात दाबून मूळ आकारात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू काट्यावर मोजून भरायची आणि नवी गोळी ठराविक खोलीवर बसवायची, असा हा क्रम आहे.

यात पैसा वाचतो, हे खरे. परंतु जाणकारांना या छंदाची ओढ असते ती अचूकतेसाठी. प्रत्येक रायफलीची नळी थोडी निराळी असते. कोणत्या वजनाची गोळी आणि किती दारू तिला मानवते, हे शोधून प्रत्येक बार एकसारखा करणे, हे या हौसेचे मर्म. त्याचबरोबर हे काम बेफिकिरीला क्षमा करीत नाही. दारू दुप्पट पडली, एका प्रकाराऐवजी दुसरी वापरली गेली किंवा तडा गेलेली पुंगळी नजरेतून सुटली, तर रायफल नेमबाजाच्या चेहऱ्याजवळच फुटू शकते. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार त्याहून घातक ठरतो. म्हणूनच जेथे हा छंद रुजला आहे, तेथे नवख्याला पहिला धडा मिळतो तो दारू उत्पादकाने छापलेल्या तक्त्याबाहेर न जाण्याचा आणि टेबलावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवण्याचा.

ऑलिंपिकच्या वाटेवर गरज नाही

मात्र या छंदाविषयी एक गैरसमज आधी दूर व्हायला हवा. ज्या प्रकारात कुसाळे याने पदक मिळविले, त्यातील पॉइंट २२ काडतूस पुन्हा भरण्याजोगे नसतेच. त्यात वेगळी टोपी नसते. ठिणगी पाडणारे रसायन पुंगळीच्या काठातच भरलेले असते आणि घोड्याच्या आघाताने तो काठ चेपला, की पुंगळीचे आयुष्य संपते. दहा मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नसते. म्हणजे फैजपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला ऑलिंपिकचे स्वप्न पडले, तर त्याला रीलोडिंगच्या यंत्राची नव्हे, तर एअर रायफल, जवळपासचे मैदान आणि चांगला प्रशिक्षक यांची गरज आहे.

रीलोडिंगची गरज उरते ती मोठ्या बोअरच्या रायफलींपुरती. ३०० मीटरच्या स्पर्धा खेळणारे नेमबाज हा त्यातील एक गट. वारसाहक्काने आलेल्या जुन्या शिकारी रायफली परवान्यावर बाळगणारे कुटुंबप्रमुख हा दुसरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपविले. रायफली मात्र कपाटात राहिल्या. त्यांतील अनेक परदेशी बनावटीच्या असून त्यांची काडतुसे देशात सहज मिळत नाहीत. मागणी अशी मोजक्या लोकांची असल्यामुळेच तिचा आवाज धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचत नाही.

परवाना रायफलीचा, काडतूस बनविण्याचा नव्हे

१९५९ च्या शस्त्र अधिनियमातील काडतुसाची व्याख्या येथे निर्णायक ठरते. या व्याख्येत केवळ तयार काडतूस येत नाही. काडतुसाचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीदेखील येते. परदेशात दुकानात मिळणारे पुनर्भरणाचे हातयंत्र येथे कायद्याच्या नजरेत दारूगोळ्याच्या पंक्तीत जाऊन बसते. शस्त्र आणि काडतुसे यांच्या उत्पादनासाठी कलम ५ अन्वये स्वतंत्र परवाना लागतो. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी दिलेला रायफल बाळगण्याचा परवाना हा काडतूस बनविण्याचा परवाना नव्हे. ‘आम्ही नवे काही बनवीत नाही, जुनेच भरतो’, हा युक्तिवाद या व्याख्येपुढे टिकणे अवघड आहे.

शिक्षाही सौम्य नाही. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना उत्पादनाची किमान शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर आणि कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. त्याच दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. पुढे २०२० मध्ये केंद्राने नेमबाजांना सवलती दिल्या. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना बारापर्यंत शस्त्रे बाळगण्याची मुभा मिळाली. खेळाडू आणि इतर परवानाधारक यांत फरक करता येतो, हे सरकारने येथे मान्यच केले आहे. तो फरक रीलोडिंगच्या प्रश्नापर्यंत नेलेला नाही, इतकेच.

संशयाला आधार आहे

या कठोरपणामागे केवळ नोकरशाहीची सवय आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांच्या पथकांनी थेट मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टीत छापा घालून पिस्तुले घडविणाऱ्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी तयार झालेले हत्यार पुण्याच्या गल्लीत पोहोचते, हे वास्तव त्यातून पुन्हा उघड झाले. अशा हत्याराला खाद्य लागते ते काडतुसांचे, आणि प्रत्येक अधिकृत काडतूस कोणाच्या तरी नोंदवहीत असते. घरोघरी पुंगळ्या भरल्या जाऊ लागल्या, तर ती नोंद तुटेल, ही पोलिसांची भीती अनाठायी नाही.

असे असले, तरी याच कायद्यात एक विसंगती आहे. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराला दारू आणि छर्रे हातानेच भरावे लागतात. रानडुकरांपासून शेत राखणाऱ्या शेतकऱ्यावर जो विश्वास कायद्याने टाकला, तो प्रशिक्षित नेमबाजावर टाकण्यास मात्र तो तयार नाही.

मधला मार्ग

इतर देशांचे अनुभव एकसारखे नाहीत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्री करायची असेल तरच लागतो. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानुसार टोप्या विकत घेताना बंदुकीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. जर्मनीत अभ्यासक्रम पूर्ण करून, परीक्षा देऊन स्फोटकविषयक परवाना मिळवावा लागतो. भारताला अमेरिकेची वाट परवडणारी नाही. जर्मनीची मात्र विचारात घेण्याजोगी आहे. घरात नव्हे, तर मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या आवारात, पुंगळ्या, टोप्या आणि दारू यांची क्लबच्या वहीत नोंद ठेवून, प्रशिक्षित सभासदाला पुनर्भरणाची परवानगी देता येईल. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षा प्रशिक्षण आणलेच आहे. त्याला आणखी एक पायरी जोडणे अशक्य नाही. ते मान्य नसेल, तर निदान म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या छत्राखाली २०२१ मध्ये आलेल्या वरणगाव आणि खडकीसारख्या कारखान्यांतून स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे वाजवी दरात उपलब्ध करावीत.

राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर. नागरिकाच्या हाती शिस्तीने बंदूक असावी, हा विचार तेव्हाच्या नेतृत्वाला परका नव्हता. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूरला भरले. तो हक्क पुढे राज्यघटनेत आला नाही. ‘नियमांच्या अधीन’ हे शब्द मात्र कायद्यात पक्के रुजले. नियम कडक असावेत, याविषयी दुमत नाही. पण ज्या खेळाची पदके देश अभिमानाने मिरवतो, त्याच्या साधनांविषयी केवळ निषेधाची भाषा पुरेशी नाही. तोपर्यंत फैजपूरच्या होतकरू नेमबाजाने पुंगळ्या जमविण्याच्या फंदात पडू नये. त्याची सुरुवात दहा मीटरच्या रेषेवरूनच व्हायला हवी.