मनोविकारांवरील औषधे : अधिकाराआधी देखरेख

आयुर्वेद पदवीधराने आधुनिक औषधे लिहावीत की नाही, हा वाद आपल्या व्यवसायात जुनाच आहे. राज्य शासनाची १९९२ ची अधिसूचना आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा मुख्तियार चंद प्रकरणातील निकाल यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी या एकाच पदावर आपले पदवीधर आणि परिचारिका काम करू लागल्यापासून हा प्रश्न परिचारिकांपर्यंतही पोहोचला आहे. विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका इंग्लंडमध्ये २००६ पासून बहुतेक औषधे स्वतःच्या सहीने लिहितात, हा दाखलाही दिला जातो. मनोविकारांवरील औषधांपुरते माझे मत वेगळे आहे. ही औषधे कोणी लिहावीत यापेक्षा, लिहून दिल्यानंतर रुग्णाकडे कोण पाहतो, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

गडचांदूर परिसराचाच विचार करू. कोरपना व जिवती तालुक्यांतील रुग्ण मनोविकारतज्ज्ञासाठी बहुधा चंद्रपूरला किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जातो. तेथे निदान होते, औषध सुरू होते. पुढील भेटीपर्यंतचे सारे दिवस मात्र तो गावातच काढतो. या काळात ताप, सांधेदुखी, अपचन अशा तक्रारी घेऊन तो आपल्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतो. मानसिक आजाराची गोळी चालू असल्याचे तो संकोचाने सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. खरा धोका येथेच आहे.

लिथियमचे उदाहरण घ्या. रक्तातील त्याची इष्ट पातळी साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट असते, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती असते. उपकारक व विषारी मात्रांत इतके थोडे अंतर आहे. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवते आणि पातळी चढते. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सिमेंट कारखान्यात वा शेतात दिवसभर घाम गाळणाऱ्या रुग्णाला हा धोका उन्हाळ्यातच अधिक असतो. अशा रुग्णाला आपण विरेचन दिले, शोथावर अलवण पथ्य सांगितले अथवा मूत्रल कल्प सुरू केला, तर आपल्या दृष्टीने शास्त्रशुद्ध असलेली चिकित्साच त्याला घातक ठरू शकते. दुकानातून सहज मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन या वेदनाशामकांनीही हीच पातळी वाढते. हात जोराने थरथरणे, तोल जाणे, बोलणे जड होणे, उलट्या-जुलाब आणि सुस्ती ही विषबाधेची लक्षणे आहेत. त्यांना केवळ अजीर्ण वा ऊन लागणे समजून चालणार नाही.

इतर औषधांचेही असेच आहे. ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो व उष्माघाताचा संभव वाढतो. ओलान्झापिनने वजन व रक्तशर्करा वाढू शकते. क्लोझापिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी ठरावीक अंतराने मोजाव्याच लागतात. त्याला ताप वा घशाचा दाह झाला तर ही तपासणी तातडीने हवी. व्हॅल्प्रोएटने गर्भात व्यंग येऊ शकते, म्हणून तरुण स्त्री रुग्णाशी याविषयी बोलणे आवश्यक असते. आपली औषधे निरुपद्रवी आहेत, हे समाधानही पुरेसे नाही. शंखपुष्पीच्या एका कल्पामुळे फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. अपस्माराच्या रुग्णांचे आटोक्यात असलेले झटके पुन्हा सुरू झाल्याचे आढळल्यावरून तो अभ्यास हाती घेण्यात आला होता.

औषधविक्रेत्या बांधवांची जबाबदारीही थोडी नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि दिलेले प्रमाण यांची वेगळी नोंद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने गोळ्या देत राहणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय त्या गोळ्यांची सवय लागते आणि एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात.

यावर काही सहकारी म्हणतील की, दुसऱ्याने लिहिलेल्या औषधांवर पहारा देणे म्हणजे वैद्याने दुय्यम भूमिका पत्करणे होय. मला तसे वाटत नाही. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत वैद्याबरोबर उपस्थात्यालाही स्थान दिले आणि त्याच्या गुणांत उपचारज्ञता व दक्षता गणली. परिचारिकेचे काम त्या परंपरेत कधीच हलके नव्हते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसरोग विषयातील आपल्या पदव्युत्तर वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १०६ ने स्वतःच्या व्यवसायक्षेत्राबाहेरील औषध वा उपचार सुचवण्यास मनाई केली आहे. मान आणि मर्यादा दोन्ही एकाच कायद्यात आहेत.

म्हणून गडचांदूर परिसरातील व्यावसायिकांनी चार गोष्टी आजपासून पाळाव्यात. प्रत्येक रुग्णाला, विशेषतः पंचकर्मापूर्वी, मनोविकारावरील औषध चालू आहे काय हे एकांतात विचारावे. ते असल्यास औषधाचे नाव, मात्रा, वजन, रक्तदाब व पुढील तपासणीची तारीख यांचे कार्ड करून रुग्णाजवळ द्यावे. उपकेंद्रातील परिचारिकेने आणि औषधविक्रेत्यानेही ते पाहावे. ही औषधे आपण होऊन सुरू करू नयेत, बदलू नयेत वा बंद करू नयेत. धोक्याचे लक्षण दिसताच रुग्णाला रुग्णालयात पाठवून लिहिणाऱ्या तज्ज्ञाला कळवावे. रुग्णाच्या घरच्यांना सल्ला हवा असल्यास टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. तो प्रत्येक दवाखान्यात व दुकानात ठळकपणे लावावा. यासाठी नवा अधिकार मागावा लागत नाही. येत्या उन्हाळ्याआधी ही कार्डे तयार व्हावीत, एवढीच विनंती.