चेहरा धुवा, घासू नका!

मुलांनो, आज मला एक चूक कबूल करायची आहे. माझीच!

आमच्या सातवीतल्या एका मुलीच्या कपाळावर पुटकुळ्या आल्या होत्या. मी वर्गात सगळ्यांदेखत सहज म्हणाले, "अगं, नीट तोंड धूत जा की!" पोरं हसली. मी विसरूनही गेले. ती मात्र विसरली नाही. दिवसातून सात-आठ वेळा ती तोंड धुऊ लागली, तेही कपड्यांच्या साबणाने! वर लिंबू चोळायची. पंधरा दिवसांत चेहरा लालेलाल झाला, पुटकुळ्या वाढल्या. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करायलाही तिने नकार दिला. तिच्या आईकडून हे कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

कारण माझं म्हणणंच चुकीचं होतं. पुटकुळ्या म्हणजे अस्वच्छता नव्हे, बरं का!

आपल्या त्वचेत बारीक तैलग्रंथी असतात. तळहात-तळपायांवर नसतात, कपाळ, नाक, हनुवटीवर मात्र दाटीवाटीने असतात. वयात येताना शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. तेल आणि मृत पेशी मिळून रंध्राला बूच बसतं. तिथेच पुटकुळी येते. नाकावरचे काळे ठिपकेसुद्धा मळाचे नसतात. उघड्या बुचाचं टोक काळं पडतं, इतकंच. मग ते घासून कसं जाणार?

तर करायचं काय? अगदी थोडं.

सकाळी, रात्री आणि खेळून घामाघूम झाल्यावर साधं पाणी आणि सौम्य फेसवॉश घेऊन बोटांनी हलकेच चेहरा धुवा. पंचाने टिपा, रगडू नका. तेलकट त्वचेलाही ओलावा लागतो. म्हणून चेहरा ओढल्यासारखा वाटला तर जेलसारखं, बिनतेलाचं मॉइश्चरायझर लावा. उन्हात जाताना एसपीएफ ३० चं हलकं सनस्क्रीन. बस्स!

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्यावर नको. लिंबू लावून उन्हात गेलं तर चट्टे उठू शकतात. पुटकुळी फोडू नका, वण राहतो. डोक्याचं तेल कपाळावर ओघळू देऊ नका. आणि धीर धरा. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात.

आईबाबांनाही दोन शब्द. 'गोरं करणारी' म्हणून कुणी सुचवलेली मलमं मुलांना लावू नका. काहींत स्टिरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते आणि पुटकुळ्या उसळतात. मोठ्या, दुखऱ्या गाठी असतील तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि मुलांच्या चेहऱ्याबद्दल चारचौघांत बोलू नका. मी बोलले, त्याचं काय झालं ते वर वाचलंतच.

त्या मुलीला आधी विचारलं आणि मग वर्गासमोरच तिची माफी मागितली. चूक सगळ्यांदेखत झाली होती ना! कपड्यांचा साबण आता कपड्यांनाच लागतो. पुटकुळ्या अजून आहेत, पण कमी. परवा मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "बाई, पुढच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझंच हं!"

— तुमच्या बाई