छापील चिठ्ठीही वाचून घ्यावी

डॉक्टरांच्या अक्षरावरचे विनोद आता जुने होत चालले आहेत. मोठ्या इस्पितळांत डॉक्टर संगणकावर बोटे चालवतात आणि शेजारच्या यंत्रातून स्वच्छ छापलेली चिठ्ठी बाहेर येते. सरकारच्या ई-संजीवनी सेवेत तर रुग्ण गावच्या आरोग्य केंद्रात, डॉक्टर दुसऱ्याच शहरात आणि चिठ्ठी मोबाइलवर, असा मामला असतो. २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा रुग्णाचा मूलभूत हक्क मानला. चांगलेच झाले. मात्र वाकडेतिकडे अक्षर दिसले की दुकानदार दोनदा बघत असे, शंका आली तर डॉक्टरांना फोन करत असे. छापलेल्या अक्षरावर सहसा कुणी शंका घेत नाही, आणि चूक तर छापूनही येऊ शकते.

या चुका सीमेवरच्या घरांना जास्त भोवतात. निपाणी-चिकोडीकडची माणसे मोठ्या दुखण्याला मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतात. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या मराठी मुलखाचे असेच आहे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेले हे दोन तालुके मिळून २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि मोठे इस्पितळ नागपूरला. चिठ्ठी एका राज्यात निघते, गोळ्या दुसऱ्या राज्यात घेतल्या जातात, आणि नागपूरच्या संगणकातली नोंद सौंसरच्या डॉक्टरांना दिसेलच असे नाही. या दोन संगणकांमधला खरा दुवा म्हणजे घरातले माणूस. त्याला या यंत्राच्या खोडी ठाऊक हव्यात.

पहिली खोड नावाची. आपल्याकडे मराठी शाळेतली सविता इंग्रजीत नावाच्या शेवटी ‘टीए’ लिहिते, कानडी शाळेतली सविता ‘टीएचए’. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. पांढुर्ण्याकडे आधार कार्डावर एक, समग्र आयडीवर दुसरे आणि जुन्या केसपेपरवर माहेरचे, अशी तीन नावे निघू शकतात. त्यात घरात मोबाइल एक आणि त्यावर सासू, सून, नातू सगळ्यांची नोंद. नोंद उघडताना बोट चुकले तर सासूबाईंची रक्तदाबाची गोळी सूनबाईंच्या नावावर पडते. उपाय सोपा आहे. चिठ्ठी हातात पडताच आधी नाव, वय आणि नोंदणी क्रमांक बघावा. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या असतील तर खिडकीवर सांगून त्या एक करून घ्याव्यात. चौदा आकडी आभा क्रमांक काढला असेल तर तोच सगळीकडे द्यावा.

दुसरी खोड यादीची. डॉक्टर औषधाची पहिली दोनचार अक्षरे दाबतात आणि पडद्यावर यादी उघडते. ‘मेट’ एवढेच लिहिले तर मेटफॉर्मिन, मेट्रोनिडाझोल आणि मेथोट्रेक्सेट एकाखाली एक येऊ शकतात, कारण इंग्रजीत तिघांची सुरुवात सारखीच. पहिले मधुमेहाचे, दुसरे आवेवर वगैरे देतात, तिसरे सांधेवातासाठी. सांधेवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जगभर माणसे दगावली आहेत. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेने इस्पितळातल्या संगणकी औषधकपाटांसाठी शिफारस केली आहे, की निदान पाच अक्षरे लिहिल्याखेरीज औषध शोधताच येऊ नये. आपण अक्षरे मोजायला जाणार नाही. पण ‘डॉक्टर, ही गोळी कशासाठी?’ एवढे प्रत्येक औषधाला विचारू शकतो. उत्तर आपल्या दुखण्याशी जुळले नाही तर चूक तिथेच सापडते.

तिसरी खोड आकड्यांची. चौकटीत ‘१-०-१’ छापले जाते, म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक. खाली शेऱ्याच्या जागी डॉक्टरांनी ‘फक्त रात्री’ असे लिहिलेले असते. दोन्हींतले खरे कोणते हे दुकानदाराने किंवा आपण ठरवायचे नाही, लिहिणाऱ्यालाच विचारायचे. भाषेनेही घोळ होतो. पांढुर्ण्याकडे चिठ्ठीवर ‘खाली पेट’ असे हिंदीत आले तर त्याचा अर्थ उपाशीपोटी. हिंदी न सरावलेल्या मराठी आजीला ‘खाली’ म्हणजे खालचेच वाटणार. आपल्याकडे ‘ऊटद नंतर’ म्हटले की ‘जेवणानंतर’ हे दोन्हीकडे समजते, पण कानडी आकड्यांतला एक मराठी डोळ्याला शून्यासारखा भासतो आणि देवनागरी एक इंग्रजी वाचणाऱ्याला नवासारखा. म्हणून डोस नेहमी अक्षरी विचारावा आणि पाकिटावर घरच्या भाषेत लिहून घ्यावा.

चौथी खोड लहान मुलांच्या वजनाची. संगणकात मागच्या खेपेचे वजन तसेच राहते, आणि मूल तर वाढलेले असते. शिवाय एमजी आणि एमएल यांची गल्लत होते. समजा, दहा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी १५० एमजी पॅरासिटामॉल सांगितले. ५ एमएलमध्ये १२५ एमजी असलेल्या बाटलीतून ते ६ एमएल होते, २५० एमजीवाल्या बाटलीतून ३ एमएल, आणि १ एमएलला १०० एमजी असलेल्या थेंबांच्या बाटलीतून फक्त दीड एमएल. औषध एकच, पण माप चौपट बदलते. म्हणून वजन तिथेच काट्यावर करून घ्यावे, आणि दुकानातून दुसऱ्या ताकदीची बाटली मिळाली तर माप पुन्हा विचारल्याशिवाय औषध पाजू नये.

पाचवी खोड जुने ते चालू ठेवण्याची. मागची चिठ्ठी एका बटणाने पुन्हा छापता येते. त्यात बंद केलेली गोळीही परत येते. शिवाय नागपूरच्या चिठ्ठीत क्रोसिन आणि गावच्या चिठ्ठीत डोलो असेल, तर दोन्हींत पॅरासिटामॉलच आहे हे यंत्र सांगणार नाही, कारण त्याला दुसरी चिठ्ठी माहीतच नसते. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून दरवेळी डॉक्टरांपुढे ठेवावीत. कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या तेही प्रत्येक ठिकाणी नव्याने सांगावे.

काही वेळा चिठ्ठी उघडतच नाही. वीज गेलेली, रेंज नाही, किंवा दोन पानांतले एकच उतरलेले. इस्पितळ सोडण्यापूर्वी सगळी पाने मोबाइलवर उघडून बघावीत आणि एक छापील प्रत घ्यावी. परराज्यातली चिठ्ठी म्हणून दुकानदार कचरला, तर तिच्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का ते दाखवावे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला दुरून सल्ला देऊ शकतात. शेड्यूल एक्समधली आणि अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधे मात्र दुरून लिहून देता येत नाहीत. ती चिठ्ठीत आली नाहीत तर यंत्र बिघडले असे समजू नये.

आणि यंत्राच्या आवाक्याबाहेरची एक गोष्ट. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात खोकल्याच्या कोल्ड्रिफ औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना नागपूरला हलवले, तरी वीसहून अधिक मुले गेली. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले. चिठ्ठीवर औषधाचे नाव असते, बॅच नसते. ती बाटलीवर आणि बिलावर असते. म्हणून बिल मागून घ्यावे आणि औषध संपेपर्यंत बाटली, वेष्टन, बिल जपून ठेवावे. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत असे कळवले आहे. तरी कुणी दिलेच तर कारण विचारावे.

शंका आली म्हणून चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये की डोस बदलू नये, आधी विचारावे. घरात जो कुणी चिठ्ठी आणायला जातो, मग तो शाळकरी नातू का असेना, त्याला एवढे शिकवून ठेवावे: दुकानाच्या पायरीवरच नाव, औषध, कशासाठी, किती, किती दिवस, ही पाच उत्तरे मोठ्याने वाचायची. मराठीत वाचा की कानडीत, मागे माणसे खोळंबली तरी चालेल. मेडिकलवाला थोडा वैतागेल. पण गोळी पोटात जाण्याआधी चूक पकडण्याची ती शेवटची जागा आहे.